लोकरीचा सोफा, आपली हवा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सोफ्याच्या कापडांबद्दल लिहिताना लोकरीला मी दोन ओळीत उरकलं होतं आणि पत्रं आली ती नेमकी त्या दोन ओळींवरच. म्हणून ह्या वेळी कॉटन, रेक्झिन, वेल्वेट सगळं बाजूला आणि फक्त लोकर. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे कापलेत, राग मानू नका.

डोंबिवलीहून एक ताई: नवीन फ्लॅटचं इंटेरियर चालू आहे. डिझायनर म्हणतोय हॉलमधल्या थ्री सीटरला वूल बुक्ले लावा, एकदम रिच दिसतं. घरात दोन मुलं, सासूबाई आणि टीव्हीसमोर बसून जेवायची सवय सगळ्यांनाच. मुंबईच्या हवेत लोकर चालते का? नवरा म्हणतो रेक्झिन लाव आणि विषय संपव.

ताई, मिस्टरांचं रेक्झिन राहू दे, मे महिन्यात उघडे पाय चिकटायला लागले की तेच उठून त्यावर चादर टाकतील. पण डिझायनरचं बुक्ले पण तुमच्या घरात नको. बुक्ले म्हणजे वर बारीक बारीक फासे सोडलेलं कापड, शोरूममध्ये दिसतं भारी, पण त्या फाशात सॅकची चेन, बांगडी, अंगठी काहीही अडकतं आणि एक फासा ओढला गेला की वीतभर धागा बाहेर, आणि शेव-फरसाणचे कण एकदा आत गेले की काढत बसा रविवारभर.

लोकर मुळात वाईट नाही हां. तो केस आहे, नागमोडी केस, दाबला तरी परत उठतो, त्यामुळे रोज बसायच्या जागी कापड लवकर सपाट होत नाही, आणि केसाच्या वरच्या थरात पाणी पटकन मुरत नाही म्हणून सांडलेला पाण्याचा थेंब थोडा वेळ तरी वरच थांबतो, तेवढ्यात फडकं आणायला वेळ मिळतो. पण हवेतली वाफ मात्र आत जाते. स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा ओढून घेऊनसुद्धा लोकर हाताला ओली लागत नाही. थंड कोरड्या देशात हा गुण म्हणजे वरदान, तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मात्र घेतलेला ओलावा सोडायला तिला कोरडी हवाच मिळत नाही, आणि मग बंद फ्लॅटमध्ये तो ओल्या मेंढीचा वास.

तर माझं मत असं, की थ्री सीटरला जाड कॉटन किंवा चांगलं पॉलिएस्टर, चेन लावून काढता येणाऱ्या खोळी, आणि लोकरीची हौस एका खुर्चीवर भागवा, ती पण बेडरूममधल्या, जिथे एसी चालतो आणि जेवणाचं ताट येत नाही. त्या खुर्चीसाठी सपाट, घट्ट विणीचं कापड बघा, शंभर टक्के लोकरच पाहिजे असा हट्ट नको. डेन्मार्कच्या क्वाड्राट कंपनीचं हॉलिंगडाल नावाचं कापड आहे, नाना डिट्झेल ह्या डिझायनर बाईंनी 1965 मध्ये केलेलं, अजून चालू आहे, त्यात 70 टक्के लोकर आणि 30 टक्के व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. तेच घ्या असं म्हणत नाही, किंमत ऐकून मिस्टर परत रेक्झिनवर जातील, पण नेटवर त्याची वीण झूम करून बघून ठेवा, म्हणजे दुकानात काय शोधायचं ते डोळ्यात बसेल.

दुकानात मार्टिनडेल किती ते विचारा. मशीनवर कापड गोल गोल घासतात, धागे तुटेपर्यंत किती फेऱ्या झाल्या तो हा आकडा. रोजच्या घरगुती बसण्याला 20,000 ते 25,000 पुरतो, मुलं उड्या मारणार असतील तर 30,000 च्या वरचं घ्या. वरच्या हॉलिंगडालचा आकडा 1,00,000 आहे. दुकानदाराला मार्टिनडेल माहीतच नसेल तर निदान सॅम्पल मागा, छोटी चौकोनी चिंधी नाही, वहीच्या पानाएवढा तुकडा, तो आत्ताच्या सोफ्यावर आठवडाभर पिनांनी टाचून ठेवा आणि सगळ्यांना त्यावरच बसवा, जेवायला पण. टोचतं का, केस चिकटतात का, गोळे येतात का, सगळं फुकटात कळतं.

ठाण्याहून एक काका: दुकानदार प्युअर वूल म्हणून कापड दाखवतो, भाव पण तसाच सांगतो. हाताला लोकरच वाटते. खात्री कशी करायची?

काका, हाताला अ‍ॅक्रिलिक पण लोकरच वाटतं, त्याचा धंदाच तो आहे. धागा जाळून बघा. कापडाच्या कडेचे उभे दोन धागे आणि आडवे दोन धागे वेगवेगळे काढा, कारण कधी कधी उभे कॉटनचे आणि आडवे लोकरीचे असतात. बेसिनवर, चिमट्यात धरून, काडी लावा. लोकर नाखुशीने जळते, काडी बाजूला केली की बहुतेक वेळा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि मागे काळी राख उरते जी बोटात चुरली की भुगा होते. अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो जो चुरत नाही. कागद जळल्याचा वास आला तर कॉटन किंवा व्हिस्कोस. मणी पण झाला आणि केसांचा वास पण आला तर मिक्स आहे, आणि मिक्स असणं गुन्हा नाही, प्युअरचा भाव लावणं गुन्हा.

अजून एक गंमत, कपड्यांचं ब्लीच मिळतं ना, सोडियम हायपोक्लोराइटवालं, ते काचेच्या वाटीत घेऊन त्यात धागा टाकून ठेवा. लोकर हळूहळू विरघळून जाते, अ‍ॅक्रिलिक तसंच्या तसं राहतं. खिडकी उघडी ठेवा आणि त्या वाटीत दुसरं कुठलंही क्लीनर ओतू नका. हा प्रयोग एकदा बघितला की लोकरीच्या सोफ्यावर ब्लीच का लावायचं नाही ते कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

तुम्ही ठाण्याचे, तर वूल रिसर्च असोसिएशन ही लोकरीवर काम करणारी संस्था तुमच्याच शहरात आहे, पण एका खुर्चीच्या कापडासाठी लॅबपर्यंत जायची गरज नाही, काडेपेटी पुरे. हॉटेल किंवा ऑफिसचं मोठं काम असेल तर मात्र टेस्ट रिपोर्ट मागाच.

नाशिकहून एक वहिनी: पाहुण्यांच्या हातून वरणाची वाटी सांडली, राखाडी लोकरीच्या खुर्चीवर. मी घाईत कपड्याच्या साबणाने घासलं तर डाग लाल झाला!! काय करू?

घाबरू नका, लाल झाला म्हणजे रंग वेगळा चढला असं नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, तेच कुंकवाचं गणित. कपड्याचा साबण, डिटर्जंट पावडर, सोडा सगळे क्षारधर्मी. चमचाभर पांढरं व्हिनेगर कपभर गार पाण्यात घालून त्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने टिपलंत की लाल परत पिवळं होईल, आणि लोकरीला क्षार सोसत नाही म्हणून तो साबण निघून जाणं असंही गरजेचंच आहे.

आता पिवळं. खरं सांगायचं तर हळद लोकरीला पक्की धरते, लोकर रंगवायलाच वापरतात ती, त्यामुळे शंभर टक्के जाईल असं वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण हळदीला उजेड सोसत नाही, ती उन्हात विटते. सीटची गादी सुटी होत असेल तर डागाचा भाग उघडा ठेवून बाकीच्यावर जाड कापड टाका आणि सकाळचं कोवळं ऊन दाखवा, रोज थोडं थोडं, आणि खुर्चीचा मूळ रंग उतरत नाही ना ते बघत बघत. दुपारचं ऊन नको.

पुढच्या वेळेसाठी सगळ्यांनीच वाचा. सांडलं की आधी चमच्याने उचला, मग कोरड्या पांढऱ्या फडक्याने किंवा टिश्यूने दाबून टिपा, घासायचं नाही, कारण लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, ओलं असताना घासलं की ते एकमेकांत अडकतात आणि तेवढाच भाग दाट, खरखरीत, जमून गेलेला दिसतो, डाग जातो पण ती जागा कायमची ओळखू येते. तुपा-तेलाचं असेल तर त्यावर कॉर्नफ्लोर किंवा टाल्कम पावडर अर्धा तास टाकून ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग गार पाण्यात ईझीसारख्या लोकरीच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, फेटून फेस करा आणि फक्त फेस लावा, पाणी नाही, डागाच्या कडेकडून मध्याकडे या, नाहीतर रिंगण मोठं होत जातं. शेवटी साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं आणि वर कोरडा टॉवेल दाबून पंखा लावून द्या. हेअर ड्रायर गरम करून मारू नका. चहाचं पण असंच, फक्त त्या फेसाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, आणि गरम पाणी अजिबात नाही, चहात दूध असतं, ते गरम पाण्याने बसतं. आणि काहीही लावायच्या आधी खुर्चीच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघा.

म्हापशाहून एक काका: आजोबांच्या वेळची मोठी खुर्ची आहे, लोकरीचं जाड हिरवं कापड. पावसाळ्यानंतर मागच्या बाजूला बारीक भोकं दिसली, आणि संध्याकाळी छोटे सोनेरी पतंग. सगळीकडे डांबरगोळ्या टाकल्या, उपयोग शून्य. कापड फेकू का?

थांबा काका, फेकू नका. ही कसर. आणि जे उडताना दिसतायत ते आता काही खात नाहीत, त्यांना खायचं तोंडच उरलेलं नसतं, त्यांच्या मागे वर्तमानपत्र घेऊन धावण्यात अर्थ नाही. खाते ती अळी, पांढरट, तांदळाच्या दाण्याएवढी. टॉर्च घेऊन खुर्ची उलटी करा आणि बघा, शिवणीच्या कडेला, सीट आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत, आणि खाली गोणपाट ठोकलेलं असतं त्याच्या आत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक नळ्या दिसतील आणि वाळूसारखे कण, ते कण हिरवे असतील, कारण जे कापड खाल्लं त्याच रंगाची विष्ठा. हिरवे कण दिसले की समजा घर आतच आहे.

जुनी खुर्ची आहे म्हणून अजून एक शंका, आत काय भरलंय? काथ्या असेल तर ठीक, पण त्या काळच्या चांगल्या खुर्च्यांमध्ये घोड्याचे केस भरायचे, आणि कसरीला लोकर काय, घोड्याचे केस काय, पीस काय, सगळं चालतं. आत केस असतील तर नुसतं वरून झाडून काही होणार नाही, कारागीर बोलवून कापड सोडवून घ्यावं लागेल.

क्रम असा ठेवा. खुर्ची अंगणात नेऊन सगळ्या खाचा व्हॅक्यूमच्या निमुळत्या तोंडाने ओढून घ्या, आणि व्हॅक्यूमची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा, नाहीतर कसर तुम्ही फक्त एका घरातून दुसऱ्या घरात हलवलीत. सुट्या उशा, अभ्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशाला, दोन आठवडे. शेजारी आईस्क्रीमवाला असेल तर ओळख काढा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं. मोठ्या खुर्चीला फ्रीझर कुठून आणणार, तिच्यासाठी पेस्ट कंट्रोलवाला, पण घरात मांजर असेल तर त्याला आधीच सांगा, परमेथ्रिन नावाचं औषध लोकरीच्या किड्यांवर वापरतात आणि ते मांजरांना विषारी असतं.

डांबरगोळ्यांचं असं आहे की त्यांची वाफ बंद पेटीत कोंडली तरच काम करते, उघड्या हॉलमध्ये अळीला काही होत नाही, ती वाफ फक्त तुम्ही हुंगता. घरात तान्हं बाळ असेल तर मी पेटीत पण ठेवणार नाही, काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात. कडुनिंबाचा पाला, वेखंड, हे आपल्या आज्यांचं बरोबर आहे पण ते वाटेवरच्या कसरीला लांब ठेवण्यापुरतं, आत बसलेली अळी त्याने मरत नाही.

परत लागू नये म्हणून: कसरीला अंधार, शांतता आणि मळकी लोकर आवडते, घाम, तेल, अन्नाचे कण लागलेली. माणसं रोज बसतात त्या खुर्चीला कसर कमी लागते, जी नुसती शोभेला भिंतीला टेकून ठेवलीय तिची पाठ खाल्ली जाते, तुमचं पण पाठीमागेच झालंय ना? भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा, पंधरा दिवसांनी जागा हलवा, मागून ब्रश फिरवा. पावसाळ्यात प्लॅस्टिक टाकून झाकू नका, आतल्या आत घाम धरतो आणि लोकरीला नाही तरी आतल्या गोणपाटाला, लाकडाला बुरशी येते. जुनं सुती लुगडं टाका वरून. ऑक्टोबरच्या उन्हात, दसऱ्याच्या साफसफाईला, तासभर बाहेर काढा, दिवसभर नाही. भोकं पडलेली पाठ भिंतीकडेच असते, तिथे आतून जुळत्या रंगाचं कापड लावून रफू करून घ्या, समोरून कोणाला कळणार नाही.

हॅरो, लंडनहून एक मैत्रीण: सासरच्या गावाहून, कोल्हापूरकडून, काळं घोंगडं आणलंय. इथल्या जुन्या आर्मचेअरला ते लावून घ्यायचा विचार आहे. नवऱ्याला वाटतं मी वेडी झालेय.

वेडी नाही, पण थोडी तयारी लागेल. घोंगडं आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, हाताने कातलेलं, सनगर लोकांनी खड्ड्याच्या मागावर विणलेलं, आणि विणताना उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात. नवीन घोंगडं कडक लागतं ते त्या खळीमुळे. ती तशीच ठेवली तर तुमच्या हीटिंगच्या घरात कडकड वाजेल आणि किड्यांना आमंत्रण वेगळं. म्हणून आधी बाथटबमध्ये गार पाण्यात भिजत घाला, पाणी बदलत राहा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून सावलीत वाळवा. जे काय आटायचं ते खुर्चीवर चढायच्या आधी आटून घेऊ दे. वॉशिंग मशीनमध्ये टाकलंत तर घोंगड्याचं जेन होईल, कोल्हापूरकडे जेन बघितलं असेल ना, लोकर विणत नाहीत, भिजवून दाबून जमवतात.

दुसरं, ते टोचणार. साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचा जाड केस कातडीला टोचतो आणि दख्खनी लोकर त्याच्यापेक्षा जाड. जीन्स घालून बसलात तर काही नाही, उन्हाळ्यात शॉर्ट्स घालून बसलात तर नवरा बरोबर ठरेल. मी असते तर पाठीला, बाजूंना आणि मागे घोंगडं आणि बसायच्या जागी तिथलंच एखादं ट्वीड लावलं असतं. वीण पण हातमागाची, थोडी सैल, शिवणीपाशी धागे सरकतात, म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तर लावायला सांगा.

आणि तुमच्याकडे 1988 चे फर्निचरच्या आगीसंबंधीचे नियम आहेत, रिअपहोल्स्टरर, म्हणजे खुर्चीला नवं कापड चढवणारा कारागीर, विचारेलच. लोकर, कॉटन, लिनन असे धागे वजनाने 75 टक्क्यांहून कमी नसतील आणि मागून पॉलियुरेथेनचं कोटिंग नसेल तर खाली आग रोखणारं इंटरलायनर, म्हणजे कापडाखालचा जादा थर, घालून काम होतं, कापडावर केमिकल मारायची गरज पडत नाही. घोंगडं पूर्ण लोकरीचं आहे हे त्याला सांगा, आणि त्याचं कटपीस जपून ठेवा, पुढे दुरुस्तीला कुठून आणणार?

नागपूरहून एक दादा: 45 डिग्रीत लोकरीवर बसायचं म्हणजे...

दादा, उन्हाळाभर वर सुती खोळ टाका, बाकी कोरड्या हवेचं गाव आहे तुमचं, लोकरीला मुंबईपेक्षा बरंच. मला तुमच्या उन्हाची जास्त भीती वाटते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर रंग विटतो आणि धागा पण पिवळा, कमजोर होतो. रंग उन्हात किती टिकतो ते 1 ते 8 अशा मापाने सांगतात आणि गंमत म्हणजे ते मापच निळ्या रंगवलेल्या लोकरीच्या पट्ट्यांनी ठरवतात. 5 च्या खाली असेल तर खिडकीजवळ ठेवू नका.

साताऱ्याहून एक ताई: नव्या खुर्चीवर चार महिन्यातच गोळे आले. फसवलं का?

बहुतेक नाही. सुरुवातीला सुटे केस वर येतात, घासून त्यांचे गोळे होतात, काही महिन्यांनी कमी होतं. बोटांनी ओढू नका, एक ओढला की खालचे दोन वर येतात. गोळे काढायचं बॅटरीवालं मशीन मिळतं, हलक्या हाताने फिरवा, आधी व्हॅक्यूम करून. वर्षानंतर पण तेवढेच येत असतील तर कापड हलकं.

पिंपरीहून एक दादा: घरी येऊन सोफा शॅम्पू करणारे असतात, त्यांना लोकरीचा सोफा द्यावा का?

फोनवरच तीन गोष्टी विचारा: लिक्विडचा पीएच (ते आम्लधर्मी की क्षारधर्मी ते सांगणारा आकडा) किती, पाणी किती वापरणार, आणि वाळायला किती वेळ. पीएच सातच्या आसपास किंवा थोडा खाली हवा, पाणी अगदी कमी, आणि चार-पाच तासात हाताला कोरडं लागलं पाहिजे, म्हणजे पावसाळ्यात बोलवायचंच नाही. सोफ्याच्या लेबलवर नुसता एस असेल तर पाणी अजिबात नाही, ड्रायक्लीनचं सॉल्व्हंटच, डब्ल्यू असेल तर पाणी चालतं, एक्स असेल तर फक्त व्हॅक्यूम. दर आठवड्याला व्हॅक्यूम, तो पण ब्रशवाल्या तोंडाने आणि कमी जोरावर, एवढं केलंत तर शॅम्पूची वेळ फार उशिरा येते. आणि पीएच विचारल्यावर "मॅडम सगळ्याला एकच लिक्विड चालतं" असं उत्तर आलं, तुम्ही दादा असूनही, तर त्याला कार धुवायला द्या.